सेवेतून निघालेल्या हार्ड डिस्क : पुनर्फॉर्मॅटिंग आणि पुनर्वापराचा आढावा

बँका, दूरसंचार कंपन्या, मोठी रुग्णालये आणि क्लाउड सेवा पुरवणाऱ्या संस्था यांच्या डेटा सेंटरमधील बहुतेक हार्ड डिस्क बिघडल्या म्हणून बाहेर पडत नाहीत. हमीची मुदत सरली, देखभालीचा करार संपला किंवा तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक क्षमता देणारी नवी डिस्क मिळू लागली, की संपूर्ण साठवण यंत्रणाच बदलली जाते आणि तिच्यातील शेकडो चालू स्थितीतल्या डिस्क एकाच दिवशी सेवेतून निघतात. त्यांपैकी काही चिरडल्या जातात, काही भंगारात वजनावर जातात, तर काही व्यापाऱ्यांच्या साखळीतून सुट्या भागांच्या बाजारात येतात आणि मूळ किमतीच्या अल्पशा अंशाने विकल्या जातात. ही डिस्क घरच्या किंवा छोट्या कार्यालयाच्या संगणकात वापरता येईल का, या प्रश्नाला विक्रेत्याकडून मिळणारे उत्तर बहुधा ‘फॉर्मॅट करा, चालेल’ एवढेच असते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण फॉर्मॅटिंग हा या सर्व व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे. डेटा सेंटरमधील डिस्क एकटीने काम करावे म्हणून घडवलेलीच नसते. तिच्या सुरक्षिततेचा मोठा भाग ती ज्या यंत्रणेत बसवलेली असते त्या यंत्रणेकडे असतो, आणि डिस्क बाहेर काढताना तो भाग मागेच राहतो.

डिस्कच्या तबकडीवरील माहिती ठरावीक आकाराच्या तुकड्यांत लिहिली जाते आणि अशा प्रत्येक तुकड्याला सेक्टर म्हणतात. वैयक्तिक संगणकांच्या जगात १९८० च्या दशकापासून सेक्टरचा आकार ५१२ बाइट असाच रूढ झाला, आणि २०११ च्या सुमारास ४०९६ बाइटचे सेक्टर सर्वत्र आले तेव्हाही बहुतेक डिस्क बाहेरच्या जगाला ५१२ बाइटचाच आभास दाखवत राहिल्या. मोठ्या साठवण यंत्रणांत मात्र सेक्टर अनेकदा ५२० किंवा ५२८ बाइटचा असतो. आयबीएमच्या १९८८ साली आलेल्या एएस/४०० या संगणकमालिकेत ५२० बाइटचे सेक्टर होते. नेटअ‍ॅप आणि ईएमसी यांच्या यंत्रणांनीही हाच आकार स्वीकारला. वरचे आठ बाइट वापरकर्त्याच्या माहितीसाठी नसतात, ते त्या माहितीच्या पडताळणीसाठी राखून ठेवलेले असतात.

हे आठ बाइट नेमके काय करतात, ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या कोणत्याही निर्णयाला अर्थ राहत नाही. डिस्कला आज्ञा देण्याच्या स्काझी पद्धतीची मानके ठरवणाऱ्या टी-१० या तांत्रिक समितीने निश्चित केलेल्या रचनेत त्यांचे तीन भाग पडतात. पहिल्या दोन बाइटांत ५१२ बाइटांच्या मजकुरावरून गणिताने काढलेली पडताळणी-संख्या असते, पुढील दोन बाइट यंत्रणेच्या स्वतःच्या खुणेसाठी मोकळे सोडलेले असतात आणि शेवटच्या चार बाइटांत हा सेक्टर कोणत्या पत्त्यावर असायला हवा याची नोंद असते. त्यामुळे एखादा बिट उलटला तर पहिला भाग ते उघडकीस आणतो, आणि मजकूर अगदी शुद्ध असूनही चुकीच्या जागी लिहिला गेला असेल तर शेवटचा भाग ते सांगतो. नेटअ‍ॅपची पद्धत थोडी वेगळी होती. तेथे ५२० बाइटचे आठ सेक्टर एकत्र घेऊन ४१६० बाइटांचा गट केला जाई, त्यातील ४०९६ बाइट माहितीला आणि उरलेले ६४ बाइट पडताळणीला दिले जात. ज्या स्वस्त डिस्कवर ५२० बाइटचा सेक्टर शक्यच नव्हता, तेथे हीच कंपनी आठ सेक्टरांच्या माहितीमागे नववा पूर्ण सेक्टर पडताळणीसाठी खर्च करत असे. एकूण क्षमतेच्या एक नवमांश भागावर पाणी सोडण्याची ही तयारी पाहिली म्हणजे या क्षेत्रातील अभियंत्यांना कशाची धास्ती होती, ते कळते.

ती धास्ती निराधार नव्हती. डिस्क आपण होऊन ‘वाचता येत नाही’ असे सांगते तेव्हा निदान नुकसान झाल्याचे समजते. पण कधी कधी ती कोणतीही तक्रार न करता चुकीची माहिती देते, आणि हा प्रकार मूक विकृती म्हणून ओळखला जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली गेली, तेव्हा पडताळणी-संख्या न जुळल्याचे चार लाखांहून अधिक प्रसंग आढळले. पहिल्या १७ महिन्यांत असा किमान एक प्रसंग घडलेल्या डिस्कचे प्रमाण स्वस्त, मोठ्या क्षमतेच्या वर्गात ०.६६ टक्के आणि महाग, वेगवान वर्गात ०.०६ टक्के होते. हे प्रमाण लहान वाटेल, पण ज्याच्या एकुलत्या एक डिस्कवर लग्नाची छायाचित्रे किंवा संस्थेचे वीस वर्षांचे हिशेब आहेत, त्याला या विकृतीचा पत्ता ती घडल्यानंतर कित्येक महिन्यांनी लागतो, आणि तोपर्यंत बिघडलेली फाइलच त्याच्या बॅकअपमध्येही जाऊन बसलेली असते. सेक्टर ५२० वरून ५१२ बाइटवर आणणे म्हणजे या विकृतीवरचा पहारा उठवणे होय. हे करू नये असे नाही, पण ते जाणून करावे आणि त्या पहाऱ्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी.

५२० बाइटची डिस्क साध्या संगणकाला जोडल्यावर काय होते, याचे लिनक्स हे बोलके उदाहरण आहे. लिनक्सचा डिस्क-चालक प्रथम डिस्कला तिच्या सेक्टरचा आकार विचारतो, आणि उत्तर त्याला हाताळता येणाऱ्या आकारांपैकी नसेल तर ‘असमर्थित सेक्टर आकार’ अशी नोंद करून डिस्कची क्षमता शून्य धरतो. डिस्क यादीत दिसते, तिचे नाव व अनुक्रमांक वाचता येतो, पण तिच्यावर विभाग पाडता येत नाहीत. अनेक खरेदीदार या टप्प्यावर डिस्क मेली असे समजून ती परत करतात किंवा टाकून देतात. वस्तुतः चालकाच्या मूळ संहितेतच अशी टीप आहे, की वापरकर्त्याला ही डिस्क योग्य आकारात पुन्हा फॉर्मॅट करायची असू शकते, म्हणून तिला यादीतून काढून टाकलेले नाही. ज्या प्रोग्रॅमरने ती ओळ लिहिली त्याने या प्रश्नाचा अर्धा उलगडा आधीच करून ठेवला होता, असे म्हणावे लागेल. विंडोजमध्ये अशी डिस्क उपकरणांच्या यादीत दिसते, पण वापरण्याजोगी होत नाही.

मात्र त्याआधी डिस्क जोडता यायला हवी, आणि येथे पहिली खरी अडचण येते. सेवेतून निघालेल्या वेगवान डिस्क बहुतांशी एसएएस या प्रकारच्या असतात, तर घरगुती संगणकांच्या मदरबोर्डवर साटा प्रकारची जोडणी असते. दोन्हींचे कनेक्टर जवळून पाहिल्याशिवाय वेगळे ओळखू येत नाहीत. साटा डिस्कवर सात पिनांची संदेशपट्टी आणि पंधरा पिनांची वीजपट्टी यांच्यामध्ये एक मोकळी खाच असते. एसएएस डिस्कवर हीच खाच प्लास्टिकच्या पुलाने भरलेली असते आणि त्या पुलाच्या मागील बाजूस आणखी सात पिना असतात, ज्यांतून दुसऱ्या कंट्रोलरकडे जाणारा स्वतंत्र मार्ग निघतो. हा पूल मुद्दामच ठेवलेला आहे. त्यामुळे साटा डिस्क एसएएसच्या जागेत बसते आणि चालतेही, पण एसएएस डिस्क साटाच्या जागेत बसत नाही. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारे जोडणीचे तुकडे ही खाच ओलांडून देतात, पण दोन्ही बाजूंची भाषाच वेगळी असल्याने डिस्क फक्त फिरते, बोलत नाही. साध्या यूएसबी डॉकचीही तीच गत. जुन्या यंत्रणांतील फायबर चॅनेल प्रकारच्या डिस्कचा ४० पिनांचा कनेक्टर तर आणखी वेगळा असतो, आणि त्यांच्यासाठी खटाटोप करण्याइतकी क्षमता त्यांच्यात क्वचितच असते.

म्हणून एसएएस कंट्रोलर कार्ड घेणे क्रमप्राप्त ठरते. एलएसआय कंपनीचे ९२११-८आय हे कार्ड आणि त्याच चिपवर आधारलेली डेल व आयबीएमच्या नावाची कार्डे जुन्या सर्व्हरमधून निघून काही हजार रुपयांत मिळतात. मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाची मोठी खाच मोकळी असली, की ती तेथे बसतात. या कार्डांचे फर्मवेअर दोन प्रकारचे असते. एकात कार्ड स्वतः रेड रचना, म्हणजे अनेक डिस्कचा एकत्रित गट, सांभाळते. दुसऱ्यात ते डिस्क जशीच्या तशी संगणकाच्या हाती देते, आणि या दुसऱ्या प्रकाराला आयटी मोड म्हणतात. पुनर्फॉर्मॅटिंगसाठी आयटी मोडच हवा, कारण रेड कार्ड ५२० बाइटची डिस्क बहुधा नाकारते आणि फॉर्मॅटची आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. ही कार्डे सर्व्हरमधील जोरदार वाऱ्याच्या झोतात राहण्यासाठी बनवलेली असल्यामुळे घरच्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या उष्णताशोषकावर छोटा पंखा बसवावा लागतो, हेही खरेदीदाराला सहसा कोणी सांगत नाही.

प्रत्यक्ष फॉर्मॅटिंगबद्दल एक गैरसमज जुना आहे. विंडोजमध्ये ‘फॉर्मॅट’ म्हटल्यावर जे होते ते मुख्यतः फाइल-व्यवस्थेची नवी अनुक्रमणिका लिहिणे असते. सेक्टरच्या आकाराला तेथे धक्का लागत नाही. येथे अपेक्षित असलेले काम स्काझीच्या ‘फॉर्मॅट युनिट’ या आज्ञेने होते. त्याआधी ‘मोड सिलेक्ट’ या आज्ञेने डिस्कला नवा आकार कळवला जातो आणि मग डिस्क स्वतःच, संगणकाची मदत न घेता, तबकडीवरचे सेक्टर वहीवरच्या रेघा नव्याने आखाव्यात तसे आखत जाते. हेडला मार्ग दाखवणाऱ्या सर्व्हो खुणा मात्र कारखान्यातच कोरलेल्या असतात आणि त्या या प्रक्रियेत बदलत नाहीत. लिनक्सवर हे काम डग्लस गिल्बर्ट यांच्या एसजी३-युटिल्स या संचातील एसजी-फॉर्मॅट या साधनाने केले जाते. सीगेटने खुल्या स्वरूपात दिलेले ओपन-सी-चेस्ट हे साधनही उपयोगी आहे. आज्ञा एका ओळीची असते, आणि म्हणूनच ती देण्यापूर्वी डिस्कचा अनुक्रमांक लेबलशी ताडून पाहणे आवश्यक ठरते, कारण चुकीच्या डिस्कला दिलेली ही आज्ञा मागे घेता येत नाही.

आज्ञा दिल्यानंतर प्रतीक्षा असते. सरासरी १४० मेगाबाइट प्रतिसेकंद या वेगाने ४ टेराबाइटची डिस्क पुरी लिहायला सुमारे आठ तास लागतात. या काळात टक्केवारी कित्येक मिनिटे जागची हलत नाही आणि वापरकर्त्याला सारे थिजल्यासारखे वाटते, पण वीज तोडणे हाच तेवढा खरा धोका असतो. मध्येच वीज गेली तर डिस्क ‘माध्यमाचे स्वरूप बिघडले आहे’ असे कळवते आणि वाचन-लेखन नाकारते. बहुतेक वेळा तीच आज्ञा पुन्हा पहिल्यापासून दिल्यावर डिस्क सावरते. तरीही जेथे लोडशेडिंगचा भरवसा नाही तेथे हे काम यूपीएसवरच करावे. ज्या डिस्कचा मूळ सेक्टर ४१६० किंवा ४२२४ बाइटचा आहे, ती बहुधा ५१२ वर येत नाही. तिला ४०९६ वर आणावे लागते आणि अशा डिस्कवरून संगणक सुरू करायचा तर यूईएफआय फर्मवेअर लागते. विंडोजने अशा सेक्टरांना पूर्ण आधार विंडोज ८ पासून दिला.

यातील एक फसवा प्रकार वेगळा सांगायला हवा. काही डिस्क आपला सेक्टर ५१२ बाइटचाच असल्याचे सांगतात, पण त्या टी-१० च्या पडताळणी रचनेसह फॉर्मॅट केलेल्या असतात. म्हणजे आठ बाइट असतात, फक्त ते वेगळे मोजलेले असतात. काही कंट्रोलर अशा डिस्कची क्षमता बरोबर दाखवतात, पण वाचनाची प्रत्येक विनंती अपयशी ठरते. विक्रेता ‘५१२ बाइट, तपासलेली’ असे लिहितो ते खरेच असते आणि तरीही डिस्क चालत नाही. क्षमता विचारणाऱ्या १६ बाइटच्या विस्तारित आज्ञेच्या उत्तरात ही रचना चालू आहे की बंद, ते स्पष्ट दिसते, आणि फॉर्मॅट करताना पडताळणीचा पर्याय शून्य ठेवला की अडचण मिटते. दुसरा प्रकार कुलूपबंद डिस्कचा. स्वयं-सांकेतिकीकरण करणाऱ्या डिस्क आपली सर्व माहिती अंतर्गत किल्लीने गुप्त ठेवतात आणि पूर्वीच्या मालकाने कुलूप काढले नसेल तर फॉर्मॅटची आज्ञाही मानत नाहीत. अशा अनेक डिस्कच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. तो दिल्यावर डिस्क आतील किल्ली नष्ट करून मूळ स्थितीत येते, आणि जुनी माहिती कायमची अवाच्य होते. लेबल फाडलेले असेल तर हा मार्ग बंद होतो. म्हणून विघटन करणाऱ्यांनी लेबल ओरबाडू नये.

फॉर्मॅटिंग पार पडल्यावर बहुतेक मार्गदर्शक मजकूर संपतात, पण यंत्रणेच्या सवयी डिस्कमध्ये अजून शिल्लक असतात. त्यांतली पहिली म्हणजे लेखनाची राखीव स्मृती, राइट कॅश. मोठ्या यंत्रणेत बॅटरीचा आधार असलेली कॅश कंट्रोलरवर असते, त्यामुळे डिस्कवरची कॅश बंद ठेवलेली असते. घरी तो कंट्रोलर नसतो आणि लेखन अकारण मंद होते. डिस्क खराब निघाली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी एसडीपार्म या साधनाने ही सेटिंग तपासावी. कॅश चालू केल्यास वीज जाताना शेवटचे काही लेखन गमावण्याची शक्यता वाढते, आणि हा तोटा पत्करायचा की नाही ते डिस्क कशासाठी वापरायची आहे त्यावर ठरते.

दुसरी सवय अधिक खोल आहे. घरगुती डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ पुन्हापुन्हा प्रयत्न करते, कारण तिला ठाऊक असते की ही प्रत बहुधा एकमेव आहे. डेटा सेंटरमधील डिस्क साधारण सात सेकंदांतच हार मानते, कारण तीच माहिती रेड गटातील इतर डिस्कवरून पुन्हा उभी करता येते आणि तिच्या खोळंब्याने संपूर्ण गट अडून राहणे यंत्रणेला परवडत नाही. ही तत्परता तेथे गुण आहे. एकट्या संगणकात मात्र तिचा अर्थ असा होतो, की जो सेक्टर आणखी थोड्या चिकाटीने वाचला गेला असता, तो डिस्क सोडून देते. ‘एंटरप्राइझ’ हा शब्द ऐकून अनेकांना ही डिस्क जास्त विश्वासार्ह वाटते. रचनेने ती दणकट असतेही, पण तिचा भरवसा इतर डिस्कच्या संगतीवर बेतलेला आहे. म्हणून अशी डिस्क एकट्याने वापरण्यापेक्षा दोन डिस्क जोडीने लावून त्यांवर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस यांसारखी फाइल-व्यवस्था ठेवणे हा सर्वांत समंजस मार्ग ठरतो. या व्यवस्था प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या स्वतः साठवतात, न जुळल्यास दुसऱ्या डिस्कवरची प्रत घेऊन दुरुस्ती करतात, आणि गेलेल्या आठ बाइटांचे काम अशा रीतीने परत येते.

आरोग्याची पारख हा या विषयातला सर्वांत अनिश्चित भाग आहे. स्मार्टमॉनटूल्स हे साधन डिस्कच्या आतील ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदी वाचते; एसएएस डिस्कमध्ये एकूण चालू राहिलेले तास, वापरादरम्यान वाढलेल्या दोषांची यादी आणि दुरुस्त न झालेल्या त्रुटींची संख्या या तीन नोंदी सर्वाधिक महत्त्वाच्या असतात. काही डिस्कमध्ये फॉर्मॅटनंतर दोषांची ही यादी कोरी होते, म्हणून ती आधीच उतरवून ठेवावी आणि फॉर्मॅटनंतर पुन्हा वाढते का ते पाहावे. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिली वाचन-तपासणी त्रुटी दिसल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पटींनी वाढत असल्याचे आढळले. पण त्याच अभ्यासाने हेही दाखवले, की बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान वगळता कोणत्याही नोंदीतून पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे वाईट नोंद हे डिस्क नाकारण्याचे सबळ कारण आहे, पण चांगली नोंद ही हमी नव्हे. त्याच वर्षी श्रोडर आणि गिब्सन यांनी दाखवून दिले, की प्रत्यक्ष वापरात डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण २ ते ४ टक्के सर्रास असते आणि काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत जाते, तर उत्पादकांच्या पत्रकांवरून ते एक टक्क्याच्या आतच असायला हवे होते.

नोंदीच पुसलेल्या असू शकतात, ही आणखी एक चिंता आहे. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील हाइझे या प्रकाशनाने नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या असल्याचे प्रकाशात आणले; स्मार्ट नोंदी शून्यावर आणलेल्या होत्या, पण फार्म नावाच्या उत्पादकाच्या स्वतंत्र नोंदीत खरे तास शिल्लक होते. चिया या आभासी चलनाच्या निर्मितीसाठी वापरून झालेल्या त्या डिस्क असाव्यात, असा संशय व्यक्त झाला. सीगेटच्या डिस्कवर या दोन नोंदी ताडून पाहणे शक्य आहे, आणि तसे करायला एक मिनिटही लागत नाही. याखेरीज संपूर्ण पृष्ठभागावर चार वेगवेगळे नमुने लिहून परत वाचण्याची कसोटी घ्यावी. ४ टेराबाइटच्या डिस्कवर या कसोटीला साधारण अडीच ते तीन दिवस लागतात, आणि जी डिस्क एवढा ताण सोसते तिच्याबद्दलच पुढे विचार करावा.

आतापर्यंतचे विवेचन खरेदीदाराच्या बाजूने झाले. पण या डिस्कवर कोणाची तरी माहिती होती, हे विसरून चालणार नाही. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ डिस्क तपासल्या; त्यांतील १२९ चालू निघाल्या आणि त्यांपैकी केवळ १२ पूर्णपणे पुसलेल्या होत्या. उरलेल्यांमध्ये पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने मॉर्गन स्टॅन्लेच्या संपत्ती-व्यवस्थापन शाखेला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला, कारण जुनी यंत्रे निकाली काढण्याचे काम ज्या वाहतूक कंपनीला दिले होते तिला डेटा पुसण्याचा कोणताही अनुभव नव्हता आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती त्यामुळे धोक्यात आली. काही यंत्रे तर माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली होती.

पूर्ण फॉर्मॅट युनिट सर्व सेक्टर नव्याने लिहितो, त्यामुळे साध्या साधनांनी जुनी माहिती परत मिळत नाही. पण नव्या डिस्कमध्ये जलद फॉर्मॅटचाही पर्याय असतो आणि तो तबकडी लगेच लिहून काढत नाही. शिवाय दोषयादीत गेलेले जुने सेक्टर फॉर्मॅटनंतरही मागे राहू शकतात. म्हणून संवेदनशील माहितीसाठी अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका आणि २०२२ चे आयईईई २८८३ हे मानक यांत डिस्कच्या स्वतःच्या ‘सॅनिटाइझ’ आज्ञेला किंवा सांकेतिक किल्ली नष्ट करण्याच्या पद्धतीला महत्त्व दिले आहे. पस्तीस वेळा लिहून पुसण्याची १९९६ पासून चालत आलेली समजूत आजच्या डिस्कना लागू नाही. डिस्कला भोक पाडणे किंवा ती चिरडणे हे अनेक संस्थांना अधिक सुरक्षित वाटते, कारण ते डोळ्यांना दिसते. परंतु योग्य रीतीने पुसलेली आणि तपासलेली डिस्क तितकीच सुरक्षित असते आणि तिचे उरलेले आयुष्यही वाया जात नाही.

भारतात हा प्रश्न आता केवळ सद्विवेकाचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या संस्थांनी आपली जुनी यंत्रे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रीकरण करणारे यांच्याकडेच द्यायची आहेत, आणि नूतनीकरण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देशातील डेटा सेंटरची सर्वांत मोठी वस्ती मुंबई आणि नवी मुंबईत आहे; ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यातून येत्या काळात ज्या प्रमाणात डिस्क सेवेतून निघतील, त्या प्रमाणात या दोन कायद्यांची गाठ महाराष्ट्रातच प्रथम पडेल. दंडाच्या भीतीने सरसकट सारे चिरडण्याकडे संस्थांचा कल होणे स्वाभाविक आहे, आणि तो कल बदलायचा तर पुसल्याचे प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकानुसार दिलेले प्रमाणपत्र हाच व्यवहार्य उपाय दिसतो.

मग कोणती डिस्क वाचवावी? मिनिटाला १०,००० किंवा १५,००० फेरे घेणाऱ्या ३०० ते ९०० गिगाबाइटच्या एसएएस डिस्क बाजारात सर्वांत स्वस्त मिळतात आणि नवशिके त्यांनाच भुलतात. एका डिस्कला सुमारे १० वॅट धरले, तर ६०० गिगाबाइटच्या आठ डिस्क मिळून ४.८ टेराबाइट देतात आणि सतत चालू ठेवल्यास वर्षाला जवळपास ७०० युनिट वीज खातात. युनिटला १० रुपये दराने हा खर्च सात हजारांच्या घरात जातो, आणि त्यावर कार्ड, केबल, पंखे यांचा खर्च वेगळा. एवढी जागा आज एकाच डिस्कमध्ये मिळते. वेगासाठी म्हणावे, तर साधी एसएसडी या सर्वांना कितीतरी मागे टाकते. या वर्गातील डिस्क अभ्यासासाठी, रेडचे प्रयोग करून पाहण्यासाठी ठीक आहेत. रोजच्या वापरासाठी त्या विकत घेणे म्हणजे पैसे वाचवल्याचा आभास आहे.

४ टेराबाइट व त्याहून मोठ्या, ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कचे गणित वेगळे आहे. त्यांतल्या साटा प्रकारच्या डिस्कना तर पुनर्फॉर्मॅटिंगचीही गरज पडत नाही. त्यांतल्या काही साध्या संगणकात फिरतच नाहीत, तेव्हा दोष बहुधा वीजपट्टीतील तिसऱ्या पिनचा असतो: नव्या मानकात ती पिन डिस्क दूरवरून बंद करण्यासाठी राखली गेली आहे आणि जुने वीजपुरवठे तेथे ३.३ व्होल्ट सतत देत राहतात, म्हणून डिस्क स्वतःला बंद ठेवण्याचा आदेश मिळाला असे समजते. त्या एका पिनवर उष्णतारोधक कॅप्टॉन पट्टी नीट चिकटवली की डिस्क सुरू होते.

अशा मोठ्या डिस्क जोडीने, पडताळणी करणाऱ्या फाइल-व्यवस्थेखाली आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रतीसाठी वापरल्या तर त्या घेण्यासारख्या आहेत. ज्या माहितीची दुसरीकडे प्रत नाही ती मात्र अशा डिस्कवर कधीही ठेवू नये. खरेदी करताना चालू तासांची नोंद, परत घेण्याची लेखी मुदत आणि शाबूत लेबल या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. डिस्कवर जुन्या मालकाची माहिती आढळली तर ती उघडून न पाहता डिस्क पूर्ण पुसावी आणि विक्रेत्याला तसे कळवावे. आणि संस्थांनी डिस्क दाराबाहेर जाण्यापूर्वीच, स्वतःच्या माणसांच्या देखरेखीखाली, तिला सॅनिटाइझची आज्ञा द्यावी.